सहाशे अकरा निरर्थक इशारे

नांदवणच्या जनसंयम केंद्रात मी सहा वर्षं नोकरी केली, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं एकच बटण दाबलं. त्यावर ‘निरर्थक’ असं लिहिलेलं होतं. शेजारी दुसरं लाल बटण होतं, झाकणाखाली. ते भोंग्याचं. त्या झाकणावर धूळ साचली होती, पण पुसायला म्हणूनसुद्धा मी तिथं हात लावत नसे.

केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालयाच्या आवारातली जुनी एक्स-रेची खोली. एक टेबल, दोन पडदे, एक माइक, कोपऱ्यात पोलादी पेटी. आणि मी, वृषाली बोरस्ते, खातरजमा अधिकारी. हुद्दा भारदस्त आहे, पण काम एवढंच की दिवा लागला की चार मिनिटांत ठरवायचं: गावाला घाबरवायचं की नाही.

सात वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका शहरात कुणीतरी स्टेशनात विषारी वायू सोडला. एकोणीस माणसं मेली. पण त्या दिवशी दवाखान्यांच्या दारात अकरा हजार माणसं पोचली. बहुतेकांच्या अंगाला वायूचा वारासुद्धा लागला नव्हता. तरी त्यांचा श्वास कोंडत होता, उलट्या होत होत्या, हातपाय बधिर पडत होते. ते ढोंग नव्हतं. माणूस पुरेसा घाबरला की त्याचं शरीर असंच वागतं. मात्र त्या गर्दीत खरी बाधा झालेले मागे राहिले, आणि एकोणिसांपैकी नऊजण दवाखान्याच्या फाटकाबाहेरच दगावले. तेव्हा सरकारच्या ध्यानात आलं की विष आवरण्यापेक्षा धास्ती आवरणं अवघड आहे. मग तालुक्या-तालुक्यांत ‘नाकं’ बसली, आणि नाकांची राखण करायला आमच्यासारखी माणसं.

नाक म्हणजे खांबावर बसवलेली डब्याएवढी पेटी. तिच्यातली युक्ती साधी आहे. आपला मेंदू स्नायूला हुकूम देतो तो एका रसायनाच्या हातून. हुकूम पोचला की ते रसायन लगेच पुसून टाकणारं एक विकर शरीरात असतं. ते पुसलं गेलं म्हणूनच स्नायू सैल पडतो आणि पुढचा हुकूम ऐकायला मोकळा होतो. युद्धातले चेतावायू नेमके त्या विकरालाच जखडतात. मग हुकूम पुसलाच जात नाही. लाळ थांबत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती आवळते ती सुटत नाही. नाकातल्या पेटीत याच विकराचा पातळ पापुद्रा बसवलेला असतो. हवेतल्या कशानंही तो थिजला की माझ्या टेबलावर दिवा लागतो.

गोम पुढे आहे. चेतावायू आणि कीडनाशकांची एक जुनी जात ही सख्खी चुलत भावंडं. दोघांचा घाव एकाच विकरावर. विकर थिजलं एवढं नाक सांगतं, कुणामुळे थिजलं ते सांगत नाही. आणि नांदवणच्या चारही बाजूंना द्राक्षबागा. ही नाकं कुठं बसवायची ते ठरवणाऱ्यांनी बहुधा द्राक्षं फक्त ताटलीत पाहिली असावीत.

त्यावर उपाय निघाला तो असा: फवारा मारण्याआधी शेतकऱ्यानं केंद्राकडे नोंद करायची. आता बहुतेक फवारणी ड्रोननं होते, आणि ड्रोन कुठलं औषध, किती, कुठं, सगळं आपणहून कळवतो. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. पण जानेवारीत, माल निघायच्या तोंडावर, घडांवर पिठ्या ढेकूण पडला की लोकांना ते जुनं, बंदी घातलेलं औषध आठवतं. ते ड्रोनमध्ये घालता येत नाही, कारण ड्रोन चहाडी करतो. मग शेडमधला, ट्रॅक्टरला जोडून फवारा उडवणारा जुना ब्लोअर बाहेर निघतो, त्यावर माणूस बसतो, नोंद कुणीच करत नाही, आणि माझा दिवा लागतो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी नियमानं वागायचे. त्या जानेवारीत एका गुरुवारी, भर बाजारात, दिवा लागला. नोंद नव्हती, वारा गावाकडे होता. मी झाकण उघडून लाल बटण दाबलं. भोंगा वाजला, पाठोपाठ रेकॉर्ड केलेला गोड आवाज म्हणाला, ‘घाबरू नका. शांतपणे वाऱ्याच्या आडव्या दिशेनं चला.’ बाजारातल्या चार हजार माणसांनी त्यातलं ‘घाबरू नका’ तेवढं ऐकलं आणि कालव्यावरच्या अरुंद पुलाकडे धाव घेतली. सातजण चेंगरून गेले. त्यांत माझी प्राजक्ता वहिनी होती, माझ्या सख्ख्या भावाची बायको. मेथीच्या जुड्या पिशवीत तशाच होत्या.

हवेत वायू सापडला नाही. चौकशी समितीनं शिक्का मारला: निरर्थक इशारा. कुणाच्या बागेतून आला ते शोधण्याची गरज समितीला वाटली नाही, आणि मलाही तेव्हा सुचलं नाही. माझी नोकरी टिकली, कारण मी नियमानंच वागले होते.

भूषणदादानं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. भाऊबीजेला येतो, पाटावर बसतो, ओवाळून घेतो, दोन घास खाऊन निघून जातो. त्यानं एकदा तोंड सोडून मला बोलावं, असं मला फार वाटायचं. तो बोलला नाही. मग मीच माझी शिक्षा ठरवून टाकली. लाल झाकण पुन्हा उघडायचं नाही. दिवा लागला की दोन-चार फोन करायचे, कुणीतरी ‘हो, आमचंच’ म्हणायचं, आणि मी निरर्थक दाबायचे. वरच्या ऑफिसातले क्षीरसागर साहेब माझ्यावर खूश होते. त्यांच्या पडद्यावर धास्तीचा आकडा असतो. तालुक्यातले किती फोन एकाच वेळी घरी लागतायत, किती गाड्या एकाच वेळी निघाल्यात, यावरून यंत्र तो काढतं. नांदवणचा आकडा वर्षभर दहाच्या आत. त्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलं.

यंदाच्या जानेवारीत, पुन्हा एका गुरुवारी, सकाळी पावणेदहाला दिवा लागला तो सहाशे अकरावा. कडाक्याची थंडी, वारा नाही, हवा जमिनीला धरून बसलेली. अशा सकाळी वाफ लवकर पांगत नाही. मी फोन उचलणार तोच तो वाजला.

“वृषे, दिवा लागला का?” भूषणदादा.

“लागला.”

“माझंच आहे. ढेकूण पडलाय गं घडांवर, पुढल्या आठवड्यात माल निघायचाय. थोडंसंच मारलं. वर कळवू नको.”

“बरं,” मी म्हटलं आणि निरर्थक दाबलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरंच सांगते. दादाचं एखादं काम माझ्या हातून होतंय एवढ्यानं मला बरं वाटायचं.

दहा मिनिटांनी दुसरा फोन आला. हौसा गांगोडे. तिचा नवरा काशिनाथ पंधरा वर्षं दादाच्या बागेत आहे. सुरगाण्याकडून छाटणीला आलेल्या टोळीतला, तो इथंच राहिला. ब्लोअर चालवणारा तोच.

“ताई, हे ब्लोअरवरून खाली पडलं. शुद्ध नाही. दादा म्हणतात ऊन लागलं. ताई, जानेवारीत ऊन कुठं लागतं?”

“लाळ गळतेय?”

“लय. अन् डोळ्यातलं काळं पार टिंबाएवढं झालंय.”

“त्यांचे कपडे काढ, साबणानं अंग धू. धुताना हाताला पिशव्या बांध. दादाला सांग पिकअप काढ, आत्ताच्या आत्ता इथं दवाखान्यात आण. सांग मी म्हणतेय.”

मी धावत शेजारी डॉक्टर तांबोळींकडे गेले. त्या ओपीडीत खोकलेकरी तपासत होत्या. माझं ऐकता ऐकता उठल्याच.

“ॲट्रोपिन पाहिजे, आणि भरपूर. माझ्याकडे एक कुपी नाही, बोरस्ते मॅडम. पूर्वी आमच्या कपाटात कायम असायची. द्राक्षाचा तालुका आहे, दर महिन्याला कुणीतरी यायचंच. तुमची योजना आली आणि सगळा साठा तुमच्या त्या पेटीत गेला.”

पेटीत चाळीस जणांपुरता उतारा होता. पण घबराटीत लोक इंजेक्शनं लुटतील म्हणून कुलूप भोंग्याला जोडलेलं. भोंगा वाजला तरच पेटी उघडणार. किल्ली नावाची वस्तूच नाही. मी परत येऊन दाराला लावायचा दगड त्या पेटीवर चार वेळा घातला. रंगाचा टवका उडाला, बाकी काही नाही.

क्षीरसागर साहेब पडद्यावर आले ते चहाचा कप हातात घेऊन.

“साहेब, कुलूप तिकडून काढा. इथं एक माणूस मरतोय.”

“तिकडून निघत नाही हो, मॅडम. तसंच बनवलंय. जिल्ह्याहून ॲम्ब्युलन्स पाठवतो.”

“पाऊण तास लागेल. तेवढा वेळ त्याच्याकडे नाही.”

ते कप ठेवून जवळ आले. वाईट माणूस नाही तो. माझ्यासारखाच दमलेला.

“आज बाजार आहे तुमच्याकडे. तीन-चार हजार माणूस असेल. एका माणसासाठी भोंगा वाजवणार? पूल आठवतो ना तुम्हाला?”

पूल मला कधी आठवावा लागत नाही. मी पडदा बंद केला.

बाहेर पिकअपचा आवाज आला. दादा गाडी चालवत होता, मागे हौसाच्या मांडीवर काशिनाथ. उघडं अंग गोधडीत गुंडाळलेलं, छातीतून बुडबुड्यांचा आवाज. तांबोळींनी त्याला आत नेलं, नळीनं तोंडातलं पाणी ओढायला लागल्या. त्यांनी दारातून नुसतं माझ्याकडे पाहिलं.

दादा माझ्या मागे केंद्रात आला. मी झाकणावर हात ठेवलेला पाहून त्याचा चेहरा उतरला.

“वृषे, नको. पुन्हा नको ते.”

“मग काय करू? सांग ना.”

“ॲम्ब्युलन्स येईल. भोंगा वाजला की माझं नाव येणार. सगळा माल रद्द होईल. आख्ख्या गावचा होईल, एकट्या माझा नाही. आणि लोक पळतील. परत कुणाचं तरी...”

तो म्हणत होता त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पुलावर कुणाची तरी वहिनी असणार होती. पलीकडच्या खोलीत काशिनाथ होता. मी दोन्हीकडे पाहत उभी राहिले, आणि तेव्हा माझी नजर माइकवर गेली.

दर सोमवारी अकरा वाजता मला भोंग्याच्या कर्ण्यांची चाचणी घ्यावी लागते. सहा वर्षं दर सोमवारी सगळं नांदवण माझा आवाज ऐकतं: “एक, दोन, तीन, ही फक्त चाचणी आहे.” पोरं माझी नक्कल करतात. भाजीवाल्या मला त्यावरून चिडवतात. खऱ्या इशाऱ्याच्या वेळी मात्र नियमानं माइक बंद, फक्त रेकॉर्ड केलेला आवाज. त्या आवाजाची बाई कोण, कुठली, इथं कुणालाच ठाऊक नाही.

मी रेकॉर्डची पिन उपटली आणि माइक सुरू केला.

“नांदवणकरांनो, मी वृषाली बोरस्ते. सोमवारवाली. आज सोमवार नाही, मला माहीत आहे. नीट ऐका. कुणी वायू सोडलेला नाही. आज सकाळी भूषण बोरस्ते यांच्या बागेत बंदी असलेलं औषध मारलंय. भूषण बोरस्ते, माझा भाऊ. फवारा मारणाऱ्या काशिनाथला बाधा झालीय, तो दवाखान्यात आहे. त्याचं इंजेक्शन पेटीत आहे, आणि भोंगा वाजल्याशिवाय पेटी उघडत नाही. कुणी शहाण्यानं केलेली सोय आहे ती. आता चाळीस सेकंद भोंगा वाजेल. पुलाजवळ जे असतील त्यांनी खाली बसा. बाकीच्यांनी आहात तिथंच थांबा. गाव सोडून बागेकडे मात्र कुणी जाऊ नका. भोंगा संपला की मी परत बोलते.”

दादा भिंतीला टेकून बसला होता. मी झाकण उघडलं. दोन वर्षांची धूळ बोटाला लागली.

ते चाळीस सेकंद कसे गेले ते मला सांगता येणार नाही. मी पेटीकडे पाहतच नव्हते, खिडकीतून कालव्याकडे पाहत होते. पुलावर माणसं होती. काही पळाली, नाही असं नाही. एक मोटारसायकल आडवी झाली. पण बाकीची खरोखर खाली बसली होती, टोपल्या मांडीवर घेऊन. आणि बाजारात, मला नंतर कळलं, भोंगा वाजत असतानाच कुणीतरी म्हणालं, “भूषण बोरस्ते? तो तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषमुक्त शेतीवर भाषण ठोकत होता!” आणि लोक हसले. भीतीला पुरून उरेल अशी एकच गोष्ट आमच्या गावात आहे, ती म्हणजे दुसऱ्याची भानगड. धास्तीचा आकडा एकेचाळीसवर गेला आणि सहा मिनिटांत पंधरावर उतरला. यंत्रानं तो प्रकार पहिल्यांदाच पाहिला होता.

कुलूप खट्कन उघडलं. तांबोळींनी आठ कुप्या लागोपाठ दिल्या, मग आणखी पाच. मी परत माइकवर जाऊन म्हटलं, “पेटी उघडली. आभारी आहे. बाजार चालू द्या.”

दुपारी दीडला काशिनाथचा श्वास सुरळीत झाला. जगेल, पण हातातली ताकद कधी आणि किती परत येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. हौसानं माझे हात धरले. तोवर माझ्या निलंबनाचा कागद पडद्यावर आला होता. क्षीरसागर साहेबांनी खाली त्यांच्यापुरतं लिहिलं होतं, ‘तुमच्या जागी मी असतो तर मला जमलं नसतं.’ मला राग आला नाही. फक्त झोप हवी होती.

भोंगा वाजल्यानं सकाळची नोंद पुन्हा उघडली होती, निघण्याआधी ती पूर्ण करायची होती. रकान्यात दोनच पर्याय: ‘शत्रूकृत’ किंवा ‘निरर्थक’. मी बोट वर धरून बसले. शत्रूकृत म्हणावं तर शत्रू कुठला? निरर्थक म्हणावं तर काशिनाथ भिंतीपलीकडे नळ्या लावून झोपला होता. मग मागची यादी वर सरकवत गेले. सहाशे दहा, सहाशे नऊ, सहाशे आठ. निरर्थक, निरर्थक, निरर्थक. ड्रोनच्या नोंदी वेगळ्या असतात, त्यांचा दिवा लागतच नाही. म्हणजे या यादीतल्या प्रत्येक ओळीच्या वेळी कुठंतरी जुना ब्लोअर चालू होता, आणि त्यावर कुणीतरी माणूस होता. हे मला सहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. विष शत्रूचं नाही एवढं कळलं की आम्ही सगळे सुटकेचा श्वास टाकायचो, आणि विष कुणाच्या छातीत गेलं हे विचारायचंच राहून जायचं. नाक एकदाही चुकलं नव्हतं.

यादी सरकत सरकत त्या गुरुवारवर आली. पुलाच्या दिवशीची ओळ. तिच्यावरही तोच शब्द.

दादा अजून दारातल्या बाकावर बसून होता. आता मोबाइलवर व्यापाऱ्यांचे फोन येत होते आणि तो उचलत नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले. मला काही माहीत नव्हतं, देवाशपथ. मी फक्त पहिल्यांदाच विचारत होते, जो प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता तो.

“दादा, त्या दिवशी ब्लोअरवर कोण असेल रे?”

“कुठल्या दिवशी?”

“वहिनी गेली त्या दिवशी.”

त्यानं मोबाइल पालथा घातला. 

“काशिनाथ गावी गेला होता,” तो म्हणाला. “मीच बसलो होतो.”

मला वाटलं मी ओरडेन. ओरडले नाही. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की ऐकायला मला वाकावं लागलं.

“फवारता फवारताच डोळ्यांपुढं अंधारी आली. वेलांखाली पडलो. उलट्या, लाळ, सगळं हेच, काशिनाथचं झालं तेच. तिचा बाजारातून फोन येत होता. खिशात वाजत होता, वृषे. मला कळत होतं तीच आहे म्हणून. पण बटण दाबायला बोट हलेना. तीनदा वाजला.”

“तू म्हणालास फोन घरी राहिला होता.”

“मग काय म्हणायचं होतं?”

दोन वर्षं मी मान खाली घालून त्याला ओवाळत होते, आणि तो मान खाली घालून ओवाळून घेत होता. मला त्याची भयंकर चीड आली आणि त्याच वेळी वेलांखाली एकटा पडलेला तो दिसला. त्या दिवशी माझा दिवा खरा होता. विषबाधा झालेला एक माणूस खरोखर होता, आणि तो माझा भाऊ होता. भोंगा सगळ्या गावानं ऐकला, आणि त्या एकट्याकडे कुणीच गेलं नाही.

“उठ,” मी म्हटलं. “तांबोळींना रक्त दाखव. त्या औषधाला तूही आज हात लावलायस.”

तो उठून आत गेला. मी केंद्रात परतले. निलंबन उद्यापासून होतं, संध्याकाळपर्यंत खुर्ची माझी होती. त्या गुरुवारच्या ओळीवरचा शब्द यंत्र खोडू देत नव्हतं, म्हणून मी वही काढली आणि पेननं लिहिलं: भूषण बोरस्ते, वय सत्तेचाळीस, ब्लोअरवर. मग यादीतली अगदी पहिली ओळ काढली, त्या बागेचा नंबर शोधला आणि फोन लावला.

“नमस्कार, मी वृषाली बोरस्ते. नाही, नाही, घाबरू नका, तक्रार नाही. फक्त एक विचारायचं होतं. सहा वर्षांपूर्वी तुमच्या बागेत एक फवारा झाला होता. तेव्हा ब्लोअरवर कोण होतं? आणि ते आता कसे आहेत?”